गाजरं मोडल्याचा आवाज

४ जानेवारी

प्रिय खुडबुड,

या पत्राच्या आगेमागे एक खोकं तुझ्या दारात येईल. ते हलवून बघू नकोस. लहानपणी तू प्रत्येक खोकं आधी हलवायचीस आणि मग उघडायचीस, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आत माझे दोन जुने रेकॉर्डर आहेत, एक निळा आणि एक चंदेरी. शिवाय बुटांच्या खोक्यात उभ्या लावलेल्या डिस्क आहेत. प्लॅस्टिकच्या चौकोनी घरात बसलेल्या त्या छोट्या चकत्या तुला आठवत असतील. रेडिओच्या श्रुतिकांसाठी मी जन्मभर जे आवाज केले, ते सगळे त्यांच्यावर आहेत.

कानाचं ऑपरेशन नीट झालं. टाके सुकलेत. महिनाअखेरीला यंत्र सुरू करणार. त्याचा एक भाग डोक्यात बसवलाय, दुसरा कानामागे लावायचा. आमच्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी कागदावर लिहून दाखवलं, की ऐकू लगेच येईल, पण काय ऐकलं ते लगेच कळणार नाही. मेंदूला पहिल्यापासून शिकवावं लागतं. सुरुवात पाठ असलेल्या आवाजांनी करा, म्हणाल्या, आणि ते कॉम्प्युटरमध्ये असले तर तिथून थेट यंत्रात सोडता येतात. मला पाठ असलेले आवाज म्हणजे हे खोकं.

तू ऑफिसांचे प्रिंटर दुरुस्त करतेस, हा तर आवाजाचा प्रिंटर आहे. एवढं काम कर. तुला खरं कारण सांगतो. तुझी मामी गेली पाच वर्षं फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहून माझ्याशी भांडते. त्यात काही राम नाही. ती शुद्धलेखन तपासत बसते आणि तोवर माझा राग उतरून जातो. मला तिच्याशी तोंडाने भांडायचंय.

ऐकण्याच्या रांगेत उभा असलेला,
मामा

१३ जानेवारी

प्रिय मामा,

वाजला! शेवटी सांगायची गोष्ट आधीच सांगून टाकली, पण मला दम निघत नव्हता. तुझा निळा वाजला.

आता पहिल्यापासून सांगते. खोकं मी हलवलं नाही. जरासंच हलवलं. चंदेरीच्या पोटात सेल फुटून सगळं हिरवं झालंय, त्याची आशा सोड. निळ्याची चपटी बॅटरी फुगली होती, पण साधा सेल घालायची डबी तू मोज्यात गुंडाळून ठेवली होतीस, त्याबद्दल तुझे पाय धरायला हवेत. सेल घातला, पडदा उजळला, डिस्क सरकवली, तर आत नुसती कुरकुर आणि पडद्यावर 'वाचता येत नाही'. मग मी त्याला उघडलं. ज्या दांडीवरून भिंग सरकतं तिच्यावरचं ग्रीस वाळून गोंद झालं होतं. मामा, वाळकं ग्रीस काढणं हा तर माझा रोजचा धंदा आहे. स्पिरिटने पुसलं, नवं टिपकाभर लावलं, आणि भिंग अस्सं सरकलं.

पुढची पंचाईत लॅपटॉपची. त्याने निळ्याला ओळखच दिली नाही. त्या काळचं सॉफ्टवेअर आजच्या मशीनवर उभंही राहत नाही. वायर लावून वाजवत वाजवत उतरवून घेता आलं असतं, पण हेडफोनचं भोक खरखरतंय, आणि माझी खरखर तुझ्या आवाजात मिसळली तर तू मला जन्मभर ऐकवशील. शोधता शोधता कळलं, की या रेकॉर्डरांवर जीव टाकणारी खुळी माणसं जगभर पसरलेली आहेत. त्यांनी एक वेबपान बनवलंय. केबल लावायची, ते पान उघडायचं, 'जोडा' म्हणायचं. जोडलं, आणि पडद्यावर तुझी यादी आली. 'दार जुनं करकर', 'पाऊस पत्रा', 'बर्फ चालणे'. ते इवलंसं चाक फिरवून एकेक रोमन अक्षर तू घातलं असशील. मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरून आले.

तरी एक कुलूप होतंच. हे रेकॉर्डर कॉम्प्युटरकडून गाणी घेतात, परत देत नाहीत. आपल्या चुलत आजोबांसारखे. पण त्या खुळ्यांनी काही मॉडेलांना मागची खिडकी शोधून काढलीय आणि तुझा निळा त्यांतलाच निघाला. पहिला आवाज उतरवला तो बर्फात चालण्याचा. जड बूट, थकलेला माणूस, मध्येच थांबतो, पुन्हा निघतो. अंगावर काटा आला. तू बर्फात कधी गेला होतास?

आनंदाने ग्रीसचे हात कागदाला पुसणारी,
खुडबुड

२१ जानेवारी

प्रिय खुडबुड,

तुझं पत्र मी मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. किती मोठ्याने ते मला कळलं नाही, पण शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

बर्फात मी कधीच गेलो नाही. ते कापडी पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लोर आहे. आणि थकलेला माणूस म्हणजे तुझी मामी. स्टुलावर बसून दोन्ही हातांनी पिशवी दाबत होती. मध्येच थांबते, कारण तिची मनगटं भरून आली होती आणि ती माझ्याकडे रागाने बघत होती. पुढे शेकोटी लागेल, ती भेटवस्तूंच्या चकचकीत कागदाची. पक्षी उडतील, ते चामडी हातमोजे. हाड मोडल्याचे आवाज गाजरांचे आहेत. ताजी गाजरं, जाड, कानाजवळ धरून मोडायची.

सगळं आपल्या जुन्या स्वयंपाकघरात केलंय, दाराला गादी लावून. दुपारभर रेकॉर्डिंग करायचं, संध्याकाळी ऐकायला बसायचं, आणि जिथे जिथे माणूस आला, कुणी बोललं, खोकलं, तेवढे तुकडे कापून पुसून टाकायचे. मग डिस्कच्या कडेची खिटी सरकवून तिला कायमचं बंद करायचं, म्हणजे चुकूनही वर काही भरलं जात नाही. स्टुडिओत मला धुलाईवाला म्हणायचे. माझ्या डिस्कवर माणसाचा श्वास सापडला तर दाखव.

मंगळवारी यंत्र सुरू होणार. मला परीक्षेच्या आदल्या दिवसासारखं होतंय.

धुलाईवाला मामा

२४ जानेवारी

प्रिय मामा,

पत्रासोबत पेनड्राइव्ह आहे, कुरियरने पाठवतेय म्हणजे मंगळवारच्या आत पोचेल. बुटांचं खोकं उतरवून संपलं. मी सगळं ऐकलं आणि एकही ओळखता आलं नाही. समुद्र म्हणून जे ऐकून मी डोळे मिटून बसले होते, ते ताटात फिरवलेलं मीठ निघणार, आता मला माहीत झालंय. श्वास शोधला. सापडला नाही. हरले.

सगळ्यात आधी 'दार जुनं करकर' लाव. ते तरी खरं दार आहे ना?

तुझ्याइतकीच धडधड होत असलेली,
खुडबुड

४ फेब्रुवारी

प्रिय खुडबुड,

पेनड्राइव्ह मिळाला. यंत्र सुरू झालं. उत्तम आहे. सगळं छान चाललंय. बाईही समाधानी आहेत. आता तू त्या डिस्कच्या मागे वेळ घालवू नकोस, तुला तुझी कामं आहेत. निळा तुझ्याकडेच ठेव, आठवण म्हणून.

इकडे हवा चांगली आहे.

मामा

(त्याच पाकिटात, घडी घातलेला वेगळा कागद)

खुडबुड बाळा,

यांनी पत्र छान छान लिहिलंय, त्यातलं एक अक्षर खरं नाही. यंत्र मोज्यांच्या कप्प्यात आहे. सुरू केलं त्या दिवशी हे तुझा पेनड्राइव्ह लावून बसले होते, आणि पाऊस लावला तर खडखड, शेकोटी लावली तर खडखड, दार लावलं तरी खडखड. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तूही बोल. मी बोलले. म्हणाले, डबा वाजतोय. इतका हसरा माणूस, पण त्यानंतर दोन दिवस जेवणाच्या टेबलावर मान खाली घालून बसला होता. दहा वर्षांपूर्वी ऐकू येणं कमी झालं तेव्हासुद्धा मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

बाईंना मी गाठलं. त्या म्हणाल्या, हे यंत्र माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. पाऊस, शेकोटी, खडखडाट त्याला सगळ्यात अवघड. यांना बोलणं द्या. घरच्यांचं, जुनं, पाठ असलेलं बोलणं, आणि समोर लिहिलेला कागद ठेवा. आता ते मी कुठून आणू? घरातला माणसाचा आवाज म्हणून जो होता तो यांनीच धुऊन टाकलाय. यंत्र नुसतं पडून राहिलं तर मेंदू शिकणारच नाही, असंही बाई म्हणाल्या.

मी लिहिलंय हे त्यांना माहीत नाही.

मामी

१० फेब्रुवारी

प्रिय मामा,

यंत्र छान चाललंय हे वाचून बरं वाटलं. मी मात्र अडकलेय आणि तुझ्याशिवाय हे सुटणार नाही, म्हणून नाइलाजाने त्रास देते.

ऐक, म्हणजे वाच. तुझ्या डिस्क उतरवताना मला एक कोडं पडलं होतं. 'हाड एक ते नऊ' ही डिस्क सगळी मिळून जेमतेम दहा मिनिटं वाजते, पण पहिलं हाड डिस्कच्या सुरुवातीला आणि नववं पार शेवटी नोंदलेलं आहे, मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा. म्हणून परवापासून त्या खुळ्यांच्या पानावर खोदत बसले. मामा, या डिस्कच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका असते. कोणता आवाज कुठे सुरू होतो, कुठे संपतो, एवढंच तिच्यात असतं. तू 'पुसा' दाबलंस की रेकॉर्डर फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडतो. आवाज असतो तिथेच असतो. त्याच्यावर दुसरं काही भरलं तरच तो जातो. आणि तू तर खिटी सरकवून ठेवलीस. एकावरही काही भरू दिलं नाहीस. अरे, इतकी वर्षं तू कुलूप लावून सांभाळलंस ते सगळं पुसलेलंच.

मी खिटी मागे सरकवली आणि अनुक्रमणिका हाताने नवी लिहिली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा 'चालवा' दाबलं आणि लॅपटॉपमधून तू माझ्यावर ओरडलास. मी खरंच टेबलावरचा हात काढून घेतला.

आता अडचण. तुकड्यांच्या हद्दी गेल्यात, कशापुढे काय ते मला कळत नाही. मी जसं ऐकू आलं तसं लिहून काढलंय. हा नमुना:

तू: चूप. कोणी हलायचं नाही.
(गाजर.)
मी: मामा, हे कुणाचं हाड?
तू: राजाचं. ओट्यावरून उतर.
(दार. गादी पडते.)
मामी: अहो, सगळी गाजरं तुम्ही मोडलीत? आता संध्याकाळी पानात काय वाढू, हाडं?

याच्यापुढे नुसता गोंधळ आहे. असे बरेच तुकडे आहेत, सगळे नव्या पेनड्राइव्हवर पाठवतेय, सोबत लिहिलेले कागद. कागद समोर ठेवून ऐक आणि क्रम लावून दे. धुलाईवाल्याशिवाय हे दुसऱ्या कुणालाही जमणार नाही.

तुझ्या भरवशावर अर्धं काम टाकून बसलेली,
खुडबुड

१९ फेब्रुवारी

प्रिय खुडबुड,

क्रमाचं निमित्त करून तू मला कामाला जुंपलंस हे मला कळलंय. मागच्या पाकिटात मामीने चिठ्ठी सरकवली तेही कळलंय. मी बंद केलं तेव्हा पाकिटाला गोंदाची एक रेघ होती, पोस्टात टाकायला निघालो तेव्हा दोन होत्या. मी बहिरा झालोय, आंधळा नाही.

तरी बसलो. तुझ्यावर राग होता म्हणून बसलो, की हे सगळं कसं निरुपयोगी आहे ते एकदा लिहून पाठवावं. मोज्यांतून यंत्र काढलं, कानामागे लावलं, तुझा कागद समोर ठेवला. खडखड. पुन्हा लावलं. खडखड. तिसऱ्यांदा कागदावर बोट ठेवून ऐकत गेलो, आणि 'चूप' ऐकू आलं. बाळा, खडखडाटातून तो शब्द अख्खा बाहेर आला. इतक्या वर्षांनी माझ्या डोक्यात शिरलेला पहिला शब्द, आणि तो मलाच गप्प करत होता. मी इतका हसलो की मामी हातातलं काम टाकून बघायला आली.

मग मी उठलोच नाही. 'ओट्यावरून उतर' आलं. तुझा आवाज आला, शिट्टीसारखा, पण प्रश्न विचारतेय हे कळलं. आणि मामीचं ते वाक्य. ती 'हाडं' शब्दावर आवाज वर नेते आणि तिथेच सोडून देते, लहानपणापासूनची तिची खोड आहे, तिची आई तशीच बोलायची. ते मला ऐकू आलं. आवाज तिचा नाही, नळातून कुणी बोलावं तसा आहे, पण बोलण्याची चाल तिची. मी कागद पालथा घातला आणि पुन्हा लावलं. आलं! कागदाशिवाय आलं! आता मी रोज सकाळी आणि दुपारी बसतो. मामी म्हणते, जेवायला उठवायला फळा डोळ्यांसमोर नाचवावा लागतो.

क्रम लावून सोबत पाठवतोय. दोन ठिकाणी तू माणसं दारातून आत यायच्या आधीच बाहेर काढलीस. आणि हाडांच्या डिस्कवर एक तुकडा कमी आहे. मामी तसं म्हणाली तेव्हा मी भयंकर तापलो होतो. सगळ्यात चांगलं हाड तिने बिघडवलं होतं. मी नक्कीच ओरडलो असणार. तो गोंधळ साफ करून पाठव. ओरडणं मोठं असतं, मला सोपं जाईल.

तापलेला, पण तुझ्यावर नाही,
मामा

२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मी कामाच्या ठिकाणी वाचलं, उघड्या प्रिंटरसमोर उभी राहून. ज्यांचा प्रिंटर होता त्या गृहस्थांनी मला पाणी आणून दिलं.

गोंधळ सोडवला. तीन तुकडे एकमेकांत अडकले होते. पण तू ओरडलेला नाहीस. तू सुरुवात करतोस, 'अगं, रेकॉर्डिंग चालू...', आणि पुढे तुला बोलताच येत नाही. तू हसतोयस. मामी हसतेय. मध्ये कुणीतरी करकरून गाजर खातंय, ती बहुतेक मी. बराच वेळ नुसतं हसणंच आहे, कुणी कुणाला थांबवत नाही. तुला राग आठवतो, पण डिस्कवर राग नाही.

मग तू एक वाक्य बोलतोस, आणि मामी एक वाक्य बोलते, आणि तू रेकॉर्डर बंद करतोस. ती दोन वाक्यं मी लिहून देणार नाही. या वेळी कागद नाही. तुकडा सोबत आहे, ऐक आणि मला सांग.

जीव मुठीत धरून बसलेली,
खुडबुड

६ मार्च

प्रिय खुडबुड,

हसणं पहिल्याच खेपेला कळलं. माझं वाक्य दुसऱ्या दिवशी लागलं. मी म्हणतोय, 'हे सगळं पुसावं लागणार.' मामीच्या वाक्याने मात्र माझी परीक्षा बघितली. ती हसत हसत बोलते आणि मध्ये तुझं गाजर आहे. किती वेळा लावलं, गणती नाही. काल सकाळी, चहा गार होत होता, आणि ते एकदम कानात बसलं. ती म्हणते, 'पुसा की. मी परत म्हणेन.'

मी तसाच स्वयंपाकघरात गेलो. ती माझ्याकडे पाठ करून भाजी निवडत होती. मी तिच्या पाठीमागे उभा राहून म्हटलं, 'पुसा की, मी परत म्हणेन.' तिचे हात थांबले. वळली नाही. तोंड दिसत नव्हतं, ओठ दिसत नव्हते, फळा फ्रिजवर होता. आणि मला ऐकू आलं. 'मग? म्हणू?'

मी म्हटलं, 'म्हण.'

तिने म्हटलं. गाजरं, पान, हाडं, सगळं, आवाज तिथेच वर नेऊन. मग तिला रडू आलं, मग मला, आणि मग ती म्हणाली की इतकी वर्षं तिची वाक्यं कापून टाकणाऱ्या माणसाला आता जास्त लाडात येण्याचं कारण नाही. मी म्हटलं, मी कामाच्या वेळी काम करत होतो. ती म्हणाली, आणि मी काय करत होते, पिशवी कुणी दाबली? अर्धे शब्द निसटले, ते मी पुन्हा विचारले, तिने ते दुप्पट जोरात सांगितले. दुपारपर्यंत भांडलो, खुडबुड. फळ्यावर आता दुधाचा हिशेब लिहितो.

यानंतर तुला पत्र लिहिणार नाही. रविवारी सकाळी फोन कर. मामीच्या नाही, माझ्या फोनवर, मीच उचलीन. सावकाश बोल, आणि मला कळलं नाही तर परत म्हण. काय बोलणार ते आधी लिहून पाठवू नकोस.

मामा